ओटीतली फी

३ जून, मंगळवार

आज घरी एक माणूस आला. इन केलेला शर्ट, हातात टॅब. शेजारच्या सुनीताकाकूंनी पाठवलेला. स्वतःला करिअर गुरू म्हणवतो. (यापुढे क. गु.) पीयूसीला, म्हणजे इकडच्या बारावीला, मला किती मार्क पडले ते मी सांगायच्या आधीच त्याला माहीत होतं. कुणी सांगितलं विचारलं तर नुसता हसला.

बी. एस्सी. नर्सिंग. चार वर्षं. बेंगळूरजवळ कॉलेज, कॉलेजचंच हॉस्पिटल. "बाहेर पडल्या पडल्या पस्तीस हजार, मॅडम. परदेशात गेलात तर लाखात." बेळगावच्या या वडगावात मला मॅडम कुणी म्हणत नाही. तेवढ्यावरच सावध झाले. आप्पांनी माग बंद करून सगळं ऐकून घेतलं. एरवी सूत देणारा शेठ आला तरच माग थांबतो.

"सीट ब्लॉक करायला ओरिजिनल मार्कशीट लागेल." झेरॉक्स दिली. चेहरा पडला त्याचा.

फी विचारली तर म्हणाला, त्याचं टेन्शन घेऊ नका. मग तेवढंच टेन्शन घेऊन बसले.

५ जून, गुरुवार

क. गु.ला तीनदा फोन करून फी काढून घेतली. ट्यूशन, हॉस्टेल, युनिफॉर्म आणि "इतर". इतर म्हणजे काय? "इतर म्हणजे इतर, मॅडम." चार वर्षांचे सहा लाख धरायचे.

आई मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. म्हणाली, "सा लाखात दोन माग येत्यात गं." मी म्हटलं, मग दोन माग घे आणि त्यांनाच नर्स कर. तिनं रिकामी कांडी फेकून मारली. लागली नाही. पण तिचंही चूक नाही. माग पहिल्या दिवसापासून साडी देतो. माझं काय, चार वर्षांनी बघू.

मला नर्स व्हायचंय, हे मात्र नववीपासून ठरलेलं आहे. का ते कुणी विचारलेलं नाही. बरंच आहे.

८ जून, रविवार

आप्पा सूत घेताना लेबल वाचत नाहीत. दोन हात सूत उकलतात, ओढून बघतात, मग भाव करतात. क. गु.चे पस्तीस हजार हे लेबल झालं. उकलून बघायला नर्सच गाठली पाहिजे. त्यांची शिफ्ट दुपारी सुटते. उद्या इथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या स्टॉपवर जाऊन बसते. आईला सांगितलं, लायब्ररी.

९ जून, सोमवार

फजिती. एकीला विचारलं, पगार किती मिळतो? ती म्हणाली, "तुला कशाला पायजे?" दुसरीनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हळूच विचारलं, "एचआरनं पाठवलंय काय तुला?" बस आली, दोघी चढल्या, आणि खिडकीतून माझ्याकडंच बघत गेल्या. मला वाटायचं, जगात मी एकटीच संशयी.

११ जून, बुधवार

आज सुगावा लागला. संगीता सिस्टर. गाव कणकुंबीच्या पुढं कुठं तरी, इथं तिघींत मिळून एक खोली. पायातले पांढरे बूट काढून चपला घालत होती, तेव्हा गाठली. खरंच सांगितलं की नाही देव जाणे, पण सांगताना तिनं इकडंतिकडं बघितलं, म्हणून खरं धरते.

हातात अठरा. नाईट धरून.

"कर्ज आहे?"

"बँकेचं न्हाई. हॉस्पिटलनंच शिकवलं. फुकट."

"मग?"

"मग काय. मार्कशीट त्यांच्याकडं हाय. दोन वर्सं काम केलं की देणार."

"कधी होतात दोन वर्षं?"

"झाली व्हती गं मागंच. रजा पडल्या म्हणून वाढीवली."

म्हणजे ही उचलच झाली. शेठकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की ती फिटेपर्यंत दुसऱ्या शेठचं सूत लावायचं नाही, तसंच. आप्पांच्या डोक्यावर अजून एक उचल आहे, माझ्या पीयूसीच्या फीची. फुकट शिकवणाऱ्या कॉलेजांवर तिथंच काट मारली.

जाताना तिनं मला विचारलं, "एवढं इचारलंस, आता मी एक इचारू? परक्या मानसाचं ओकलेलं काढशील? पायाची जखम सडलेली बघशील?" मी लगेच हो म्हटलं. फारच लगेच. तिनं मान हलवली आणि बसमध्ये चढली.

१७ जून, मंगळवार

बँक. साहेब कन्नड, पण चांगला माणूस. निदान वाटला तरी. शिकत असतानाही व्याज चढतच राहतं, हे क. गु. बोलला नव्हता. सहा लाखांचे नोकरी लागेपर्यंत साडेसातच्या घरात जातील. हप्ता अकरा-बारा हजार. हातात अठरा. उरलेल्या सहात खोली, जेवण, आणि दिवाळीला आईला साडी. साडी आम्हीच विणतो म्हणा.

चार लाखांच्या आत कर्ज असेल तर नुसती आप्पांची सही पुरते. त्याच्या वर गेलं तर आणखी एक जामीन लागेल, पगाराची स्लिप असलेला. आमच्या सगळ्या भावकीत माग आहेत, हातमाग आहेत, एक पानपट्टी आहे. स्लिप एकाचीच. महेशची. बोरगावच्या आत्याचा मुलगा. कोल्हापूरकडं कारखान्यात पक्का लागलाय.

नको.

२२ जून, रविवार

मी नको म्हटलं म्हणून काय होतंय. आज आत्याचाच फोन. जामिनाचं तिला कुणी सांगितलं? मी नाही. आई म्हणते, तिनं नाही. आप्पांनी मागाच्या धोट्यात तेल सोडायला खाली मान घातली.

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आप्पा तिला आक्का म्हणतात आणि तिच्यापुढं आवाज चढवत नाहीत. ती म्हणाली, "तेजीला मी शिकवते. बँक नगं, जामीन नगं. कोल्हापूरला घाल, माझ्याकडनं ये-जा करंल, हॉस्टेलचं वाचंल. सीमाभागाचा दाखला काढला तर तिकडं बी घेत्यात म्हणं."

आप्पा लगेच "व्हय आक्का" म्हणाले. मागाचा पट्टा बदलायचा असला तरी आठ दिवस विचार करणारा माणूस.

आमच्यात सून करायला भावाच्या मुलीवर आत्याचा पहिला हक्क. कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ. लहानपणी पंचमीच्या झोक्यावर मला आणि महेशला एकत्र बसवून बायका हसायच्या, त्यातलं आता कळतंय. आता कुणी हसत नाही. फी भरायला निघालेत.

बोरगावहून ये-जा. म्हणजे डिग्री व्हायच्या आधी सासर सुरू. आईला स्पष्ट विचारलं. ती म्हणाली, "तुला सगळ्यात काळंच दिसतंय." हो की नाही, ते काही सांगितलं नाही.

६ जुलै, रविवार

ऑनलाइन पर्याय भरले. सरकारी कोट्यातल्या सीटसाठी. सायबर कॅफेवाल्यानं पहिला पर्याय स्वतःच बेंगळूरचं एक कॉलेज भरलं होतं. क. गु.चंच! त्याला खोडायला लावलं. म्हणाला, "ताई, मी तुमच्या भल्यासाठीच." यालाही काहीतरी मिळत असणार. मी बेळगाव, हुबळी, धारवाड टाकलं. कोल्हापूर नाहीच.

आप्पांना दाखवलं. "बरं" म्हणाले. कशाला बरं, ते नाही.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आत्या माहेरी आली. दर पंचमीला येते. तंबिटाचे लाडू, लाह्या, सगळं रीतसर. महेश आला नाही, "ड्यूटी हाय." बरं झालं म्हटलं.

दुपारी मला पाटावर बसवलं. मला वाटलं, हळदीकुंकू. तर आत्यानं पिशवीतनं हिरवी साडी काढली, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, खारका. ओटी. माझी. लग्न न झालेल्या पोरीची ओटी कुणी उगाच भरत नाही. पोरगी पसंत पडली की भरतात.

आईकडं बघितलं. आई चुलीकडं. आप्पांकडं बघितलं. ते दारात पाठमोरे.

"हे कशाला, आत्या?"

"शिकाय चाललीस. रिकाम्या वटीनं जायचं न्हाय."

आणि खणाच्या घडीत पाकीट. पहिल्या वर्षाची फी. पाकीट बघून सुनीताकाकूंनी "अगं बाई" म्हटलं, म्हणजे आता संध्याकाळपर्यंत बातमी शेजारच्या शहापूरपर्यंत गेली. सगळ्यांसमोर नाही म्हणता आलं नाही. ओढणी पसरली. ओढणी पसरताना मला रडू यायला लागलं, ते सगळ्यांना आनंदाचं वाटलं.

३० जुलै, बुधवार

आत्या निघायच्या आधी एकटी गाठली. म्हटलं, मी लिहून देते. उसने घेतले, नोकरी लागल्यावर व्याजासकट परत करीन, याशिवाय दुसरं काही कबूल केलेलं नाही. तू खाली सही कर.

आत्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. "भाचीकडनं कागूद घेऊ व्हय मी?"

"घे की. बँक घेते."

"मी बँक हाय व्हय गं?"

चपला घातल्या आणि आप्पांची वाट न बघता बसस्टँडकडं चालायला लागली. आप्पा मागनं पळाले. सही केली नाही. खरंच नुसतं प्रेम असतं तर सही करायला काय झालं होतं? की प्रेम असलं म्हणजेच सही करवत नाही? मला हे कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवर मी अंगठा उठवणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

बोरगावला जाऊन ओटी परत दिली. घरी सांगितलं नव्हतं. निपाणीपर्यंत एसटी, पुढं वडापची जीप. गाठोडं मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुनाचं ठरलं?" म्हटलं, कुणाचंच नाही.

आत्या घरी नव्हती, कुणाच्या तरी बारशाला गेलेली. मामा, म्हणजे आत्याचे मालक, बाहेरच्या सोप्यात पाय लांब करून बसलेले. शुगर आहे त्यांना. पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं, पिवळं झालेलं, माशा बसलेल्या. मी गाठोडं देव्हाऱ्याजवळ ठेवलं, आल्या पावली फिरायचं ठरवलेलं, आणि विचारलं, हे कधीचं? "झालं की आठ-धा दिस."

मग काय झालं कळलं नाही. महेश आतून आला तेव्हा मी खाली बसून फडकं सोडत होते. वास होता. पू होता. महेशनं तोंड फिरवलं. मला काही वाटलं नाही. नाही, वाटलं, मामांना दुखू नये एवढंच वाटलं. उकळून गार केलेल्या पाण्यानं धुतलं, घरात कोरी पट्टी होती ती बांधली, आणि उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखवा, नाहीतर बोट जाईल, असं सांगितलं. मामा म्हणाले, "हात हलका हाय पोरीचा."

संगीता सिस्टरला आता हो म्हणता येईल. सावकाश.

(एसटीत परत येताना मनात आलं, मामा मुद्दाम पाय पुढं करून बसले नव्हते ना? मग माझीच मला लाज वाटली. तरी मनात आलं खरं.)

महेशनं स्वतः चहा केला. बराच वेळ चमचाच हलवत राहिला. मग म्हणाला, "नर्सला तिकडं लई मागणी हाय. जर्मनी, आयर्लंड. तीन वर्सं इथं अनुभव घ्यायचा, परीक्षा द्यायची. नवऱ्याला बी व्हिसा मिळतो." नवऱ्याला म्हणताना गॅसकडं बघत होता. युरोचा भाव त्याला पाठ. सगळे व्हिडिओ बघून झालेत. मी अजून कॉलेजात पाऊल टाकलेलं नाही, आणि माझ्या पगाराचा हिशोब हा करून बसलाय, आयर्लंडच्या घरभाड्यासकट.

"तुला कुणी विचारलं का, माझ्याबद्दल?" मी.

"न्हाई. आई म्हणली, ठरलंय. तुला?"

"नाही."

दोघंही चहा पीत बसलो. वाईट नाही तो. वाईट असता तर सोपं झालं असतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

काल दिवसभर फोन. आज शांत. आप्पा बोलत नाहीत. माझ्याशीच नाही, कुणाशीच. माग सकाळपासून बंद केलेला नाही. जेवायलाही पाळीपाळीनं बसतात, म्हणजे मी उठले की ते.

आई एवढंच म्हणाली, "वटी परत करत्यात व्हय कुणी? मेल्याघरची बी करत न्हाईत."

मी म्हटलं, पैसे परत केले. तेवढेच काढून देता आले असते, हे आता सुचतंय. साडी, खण, नारळ, तांदूळ सगळंच देव्हाऱ्याजवळ ठेवून आले. पैशाशी भांडायला गेले आणि आत्याचं कुंकूच परत करून आले. ही चूक माझीच. कबूल आहे, पण इथंच. आप्पांसमोर नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

लागली! हुबळी. सरकारी कोट्यातली सीट. फी, हॉस्टेल, "इतर" सगळं धरून चार वर्षांचे साडेतीन लाख. दोनदा मोजलं. क. गु.चा "इतर"सुद्धा माझ्याकडून घातला.

साडेतीन म्हणजे चारच्या आत. जामीन नको, महेशची स्लिप नको, आत्याचं पाकीट नको. हप्ता निम्म्यावर येतो. हातात अठराच धरले तरी माणसासारखं जगता येईल. पंधरा धरले तरी कसंबसं.

फक्त आप्पांची सही.

क. गु.चा फोन आला. (याला कसं कळलं?) "गव्हर्न्मेंट कोट्यात क्वालिटी नसते, मॅडम." नंबर ब्लॉक केला.

१८ ऑगस्ट, सोमवार

बँकेचा फॉर्म मागाशेजारी ठेवला, आप्पांना दिसेल असा. त्यांनी त्यावर कांड्यांचा डबा ठेवला. मी डबा उचलला. संध्याकाळी डबा परत फॉर्मवर. असं तीन दिवस चाललंय. फॉर्मवर तेलाचा गोल डाग पडला, नवा आणावा लागला.

आज धीर करून म्हटलं, आप्पा, फी भरायची मुदत संपत आली. त्यांनी माग थांबवला. पहिल्यांदा वाटलं, बोलतील. तुटलेला धागा जोडला आणि परत चालू केला.

मला भीती वाटते. खरं लिहायचं तर बँकेची नाही, हप्त्याची नाही. ही सीट आप्पांच्या रागापायी गेली तर मी त्यांना आयुष्यभर माफ करणार नाही, याची भीती वाटते. आणि मग आत्याच्याच घरी जाऊन मामांचा पाय धुवत बसेन, बिनडिग्रीची.

आई म्हणते, आधी आक्काची समजूत काढ. म्हणजे ओटी घे. बोरगाव सोडून कुठंही जायचं म्हटलं तरी गाडी बोरगावलाच येऊन थांबते.

२४ ऑगस्ट, रविवार

आत्या आली. न सांगता. गाठोडं तेच, गाठसुद्धा मी मारलेलीच वाटली. मी आतल्या खोलीत जायला लागले तर म्हणाली, "पळू नगंस. भांडाय आल्ये, भांडून जाते."

पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "वटीतलं पैसे काढल्यात. तुझ्या मामाच्या बोटापायी खर्ची पडलं. आपरेशन केलं, बोट वाचलं. डाक्टर म्हणला, फडकं सोडून बघितलंसा ते बरं केलंसा." मग आवाज चढला. "पर वटी परत आली माझी. परत आलेला नारळ घरात ठिवाय येत न्हाय आनि टाकाय बी येत न्हाय. रोज देव्हाऱ्याफुडं दिसतोय. ज्याचा त्यानं घ्यावा."

मी विचारलंच. आप्पा, आई दोघंही तिथं होते. "आत्या, खरं सांग. तुला मी सून म्हणून पाहिजे की नर्स म्हणून?"

आईनं तोंडावर पदर धरला. आत्या जराही गडबडली नाही.

"दोन्ही पायजे म्हटलं तर पाप हाय व्हय? माझं गुडघं गेलं, ह्येंची शुगर. घरात एक जाणतं मानूस पायजे. ते माझ्या भावाचंच लेकरू असलं तर माझं काय वंगाळ?"

एवढा सरळ जबाब मला गेल्या तीन महिन्यांत कुणी दिला नव्हता. क. गु.नं नाही, बँकेनं नाही, आप्पांनी तर नाहीच. तिला मिठी मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी तिच्या घरात पाऊल टाकू नये असंही वाटलं.

तिला सुनेनं घरात राहून पाय चोळायला हवेत. तिचा मुलगा त्याच सुनेबरोबर आयर्लंडला निघालाय. आई-मुलानं आपापला हिशोब एकमेकांना सांगितलेलाच नाही. मी एक वाक्य बोलले असते तर आज सगळं मिटलं असतं. बोलले नाही. महेशला सांभाळून घेतलं, की ते वाक्य पुढं कधी तरी उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवलं? मलाच माझा भरवसा नाही.

आप्पा खूप दिवसांनी बोलले. माझ्याकडं न बघता.

"वटी घे तिची. उद्या सही करतो."

म्हणजे सौदा. की नुसतं बहिणीचं मन राखायचं? विचारलं, "ओटी घेतली म्हणजे काय काय घेतलं, आप्पा?"

"वटी घेतली म्हणजे वटी घेतली."

क. गु.चं "इतर म्हणजे इतर" आठवलं.

ओढणी पसरली. यावेळी रडले नाही. आत्यानं नारळ घालताना माझ्या हातावर हात ठेवला आणि लवकर काढला नाही. तिच्या डोक्यात काहीही असो, ते हात ठेवणं खोटं नव्हतं. मी वाकून नमस्कार केला. "शीक," म्हणाली. पुढं काहीतरी म्हणणार होती, पण पाणी मागितलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बँकेत खुर्चीच्या कडेवर बसले. साहेबानं सगळे कागद बघितले, मला हुबळीचं विचारलं, मग पेन ठेवून आप्पांना कन्नडमध्ये विचारलं, "मगळ मदुवे फिक्स आगिदेया?" मुलीचं लग्न ठरलंय का? लग्न झालं की पोरी नोकरी सोडतात, हप्ते थकतात, म्हणून विचारावं लागतं म्हणाला.

मी टेबलाच्या काचेकडं बघत होते. काचेत आप्पांचा चेहरा दिसत होता.

"इल्ल सर," आप्पा म्हणाले. नाही. एका दमात. आवाज स्वच्छ.

आणि सही केली. आप्पा सही करताना जीभ बाहेर काढतात, लहान मुलासारखी. आज काढली नाही.

बाहेर आल्यावर चहा घेतला. मला विचारायचं होतं, आत बोललात ते खरं, की काल आत्याला दिलेली कबुली खरी? साहेबाला फसवलंत की आक्काला? आणि त्यांनी मला माझ्यासाठी सोडवलं असेल, तर मी त्याचं काय करू? यातलं एकही विचारता आलं नाही. बशीतला चहा फुंकत त्यांनीच विचारलं, "हुबळीला थंडी असतीया व्हय गं लई?"

"असते थोडी."

"गोधडी घेऊन जा."

घरी येऊन माग चालू केला.

ओटीतली साडी आईनं ट्रंकेत ठेवली. तांदूळ डब्यात. नारळ कपाटावर आहे. आमच्या घरात पसंतीच्या ओटीचा नारळ फोडत नाहीत, लग्नापर्यंत ठेवतात. साध्या ओटीचा दुसऱ्या दिवशी आमटीत जातो. आप्पा येता-जाता त्याच्याकडं बघतात. फोडत नाहीत, आणि जपून ठेवा असंही म्हणत नाहीत.

मी आईला म्हटलं, नारळ फोडू का, चटणीला?

आई कांड्या भरत होती. हात थांबला नाही. "त्यास्नी इचार," म्हणाली.

आप्पांना ऐकू गेलं. मागाच्या आवाजातही गेलं. मान वर केली नाही.